एका पेशीच्या मागे चाळीस वर्षे



मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तुमच्यापैकी काहींना संशोधनात जायचं आहे, म्हणून आज एका संशोधकाच्या कामाविषयी बोलते. राल्फ स्टाइनमन. जन्म १९४३ चा, कॅनडातल्या माँट्रियलचा. कुटुंब ज्यू, वडिलांचं शेरब्रुक गावात दुकान. हार्वर्डमधून डॉक्टर होऊन १९७० साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात झानव्हिल कोन यांच्या प्रयोगशाळेत आले आणि शेवटपर्यंत याच विद्यापीठात राहिले.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. जंतू शरीरात शिरला की टी पेशी त्याच्यावर चालून जातात. पण हा परका आहे, हे त्यांना सांगतं कोण? त्या काळचं उत्तर होतं, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. स्टाइनमन उंदराच्या प्लीहेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यात थोड्याशा पेशी निराळ्या दिसल्या. त्यांना झाडासारख्या फांद्या होत्या आणि त्या सतत हलत होत्या. ग्रीक भाषेत झाडाला डेंड्रॉन म्हणतात. म्हणून १९७३ च्या शोधनिबंधात स्टाइनमन आणि कोन यांनी त्यांना डेंड्रिटिक पेशी असं नाव दिलं.

गंमत पाहा. त्वचेतल्या अशाच पेशी १८६८ मध्ये पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने पाहिल्या होत्या. पण त्याला त्या मज्जातंतूंपैकी वाटल्या. म्हणजे पेशी दिसून शंभर वर्षं झाली होती, तिचं काम मात्र कुणाला कळलं नव्हतं.

स्टाइनमन यांच्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. ह्या भक्षक पेशीच असतील, असं म्हणणारे पुष्कळ होते. पेशी संख्येने थोड्या, वेगळ्या काढायला कठीण, त्यामुळे इतरांना प्रयोग करून पाहणंही अवघड. यावर त्यांनी काय केलं? आणखी प्रयोग. १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की टी पेशींना जागं करण्यात डेंड्रिटिक पेशी इतर पेशींपेक्षा किमान शंभर पट प्रभावी आहेत. मग उलट तपासणी केली. याच पेशींना ओळखणारं प्रतिपिंड वापरून त्या मिश्रणातून काढून टाकल्या, तेव्हा टी पेशींचा प्रतिसाद कोसळला. १९९२ मध्ये जपानच्या कायो इनाबा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदराच्या अस्थिमज्जेपासून या पेशी मोठ्या संख्येने वाढवल्या. आता कुठल्याही प्रयोगशाळेला त्या तपासता येणार होत्या. शंका घेणाऱ्यांच्या हातातच त्यांनी पुरावा ठेवला, असं म्हणा ना.

२००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. या रोगात बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नाहीत. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. त्याबरोबर सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी स्वतःवर डेंड्रिटिक पेशींवर आधारलेले प्रायोगिक उपचारही घेतले. ते साडेचार वर्षं जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते वारले. तीन दिवसांनी नोबेल जाहीर झालं. निवड करणाऱ्यांना त्यांच्या निधनाची बातमीच नव्हती. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरीही निवड प्रामाणिक समजुतीने झाल्यामुळे तो सन्मान कायम ठेवण्यात आला.

आता माझा मुद्दा. त्या उपचारांनी त्यांचं आयुष्य वाढलं का? सांगता येत नाही. रुग्ण एकच होता, उपचार अनेक. कशाचा गुण आला, हे वेगळं काढायला तुलनेला दुसरे रुग्ण लागतात. उपचार घेणारा माणूस नोबेलविजेता असला, तरी हा नियम बदलत नाही.

आपल्या घरात कुणी आजारी पडलं की एखादी खाला सांगते, "अमक्याला त्या पाण्याने गुण आला." मोबाईलवर तसेच निरोप फिरतात. खालाचा अपमान करू नका, तिला काळजी असते. पण विचारा जरूर: किती जणांना दिलं? किती जणांना गुण आला नाही? ज्यांनी घेतलंच नाही, त्यांचं काय झालं? डॉक्टरांनाही हेच विचारा, आणि आम्हा शिक्षकांनाही.

संशोधनात यायचं असेल तर एवढी सवय आजपासून लावून घ्या. आपल्यावर कुणी शंका घेतली तर रागावू नका, तपासून दाखवा. त्याला वेळ लागतो. स्टाइनमन यांच्या पेशीला मान्यता मिळायलाही कित्येक वर्षं गेली.

माझं बोलणं संपलं. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.