वांतीवरील औषधे : कार्य आणि विवेक



वांती हा स्वतः आजार नव्हे. ती शरीराने दिलेली सूचना आहे. दूषित अन्न वा विषारी द्रव्य पोटात गेले असता ते बाहेर टाकण्याची ही निसर्गाची व्यवस्था होय. तथापि घरात कोणास उलटी झाली की पहिला हात जातो तो औषधांच्या डब्याकडे. मागील आजारपणात उरलेली गोळी शोधून रुग्णास दिली जाते. ती गोळी शरीरात काय करते हे जाणले, तरच ती केव्हा द्यावी आणि केव्हा देऊ नये, हे कळेल.

मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, वांतीचे नियंत्रण होते. तेथे मुख्यतः चार मार्गांनी संदेश येतात. पहिला मार्ग जठर व आतड्यांचा. तेथील पेशींना इजा झाली की त्या सिरोटोनिन हे द्रव्य सोडतात आणि व्हेगस मज्जातंतू ती वार्ता वर नेतो. दुसरा मार्ग रक्ताचा. मेंदूला रक्तातील घातक द्रव्यांपासून जपणारा पडदा एका लहानशा भागात विरळ असतो. त्या भागास विषाची चाहूल लागते व तेथे डोपामिन दूताचे काम करते. तिसरा मार्ग कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा. तेथील दूत हिस्टामिन व ॲसिटिलकोलिन. चौथा मार्ग मनाचा. दुर्गंध, भय वा जुनी आठवण यांनीही मळमळते. प्रत्येक औषध यांपैकी एखाद्या दूताची वाट अडवते. म्हणून एका मार्गाचे औषध दुसऱ्या मार्गाने आलेल्या वांतीस लागू पडेलच असे नाही.

सिरोटोनिनला अडवणारे ऑन्डान्सेट्रॉन १९९१ साली अमेरिकेत मान्य झाले आणि कर्करोगावरील औषधोपचार सहन करणे असंख्य रुग्णांना शक्य झाले. परंतु घाटातील बसप्रवासात त्याच गोळीचा फारसा उपयोग होत नाही. तेथे प्रोमेथाझिनसारखे हिस्टामिनविरोधी औषध उपयोगी पडते, तेही निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घेतले तर. या औषधाने झोप येते; वाहन चालवणाऱ्याने ते घेऊ नये. दोन वर्षांखालील बालकांत श्वास मंदावण्याचा धोका असल्याने त्यांना ते मुळीच देऊ नये.

मेटोक्लोप्रमाइड डोपामिनला अडवते, पण ते मेंदूतही शिरते. त्यामुळे क्वचित मुलांची व तरुणांची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. घरच्यांना फिट आल्याचा भास होतो. काही ठिकाणी बाहेरची बाधा समजून वेळ दवडला जातो. वस्तुतः हा औषधाचा परिणाम असतो आणि योग्य उपचाराने तो लवकर ओसरतो. वृद्धांना हेच औषध महिनोन्‌महिने दिले गेले, तर हातापायांना कंप सुटतो, तोंडाच्या अनैच्छिक हालचाली जडतात व त्या कधी कायमच्या राहतात. म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली त्याचा वापर कमाल पाच दिवसांवर आणला. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही. मात्र त्याने हृदयाची लय बिघडू शकते. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच एरिथ्रोमायसिनसारखी औषधे चालू असणाऱ्यांनी, ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

गर्भवतीच्या बाबतीत तर अधिकच सावधपण हवे. १९५७ पासून जर्मनीत विकले गेलेले थॅलिडोमाइड मळमळीवरही दिले जाई. त्याच्या परिणामाने हजारो बालके हातपाय अविकसित राहून जन्मली आणि १९६१ साली ते बाजारातून काढावे लागले. आज तुलनेने सुरक्षित औषधे आहेत, पण त्यांची निवड डॉक्टरांनीच करावी.

या सर्व औषधांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. गोळीने वांती थांबेल, पण गेलेले पाणी व क्षार परत येणार नाहीत. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. आजही तोच मार्ग आहे. उलटीनंतर दहा मिनिटे थांबावे आणि मग क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने द्यावी. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र घरगुती औषधात वेळ घालवू नये : उलटीत रक्त वा हिरवे पित्त, पोट फुगून शौच व वायू बंद होणे, तीव्र डोकेदुखीसह मान ताठणे, डोक्यास मार लागल्यानंतरची उलटी, विषारी द्रव्य पोटात गेल्याची शंका, छातीत दुखून घाम येणे, बालकाची लघवी सहा-आठ तास बंद असणे किंवा त्याने सुस्त पडणे. अशा वेळी वांती दाबणे म्हणजे आग तशीच ठेवून घंटा बंद करणे होय.

प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये, मुलांची मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी. औषध हे वरदान खरे. पण ते विवेकाच्या हातीच शोभते.