टाकीमागची सावर
(स्नेहमेळाव्यात पडद्यावर फोटो दाखवत केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि गाणं नको, फोटो दाखव असं बजावलंय. गाण्याबद्दलचा निर्णय योग्यच आहे.

पहिला फोटो. ओळखलंत? बरोबर, पाण्याच्या टाकीमागची आपली काटेसावर. हिच्या खोडाचे काटे काढून आपण त्यांचे शिक्के कोरायचो.

गेल्या फेब्रुवारीत मेळाव्याच्या बैठकीसाठी आले, तेव्हा पाच दिवस रोज सकाळी हिच्यासमोर कॅमेरा घेऊन बसले. त्या दिवसांत झाडावर पान नसतं, नुसती लाल फुलं. जाड पाकळ्यांची मोठी वाटी आणि तळाशी मकरंद. पक्ष्याला लांबून दिसावं आणि आल्यावर नीट बसता यावं, अशी चोख सोय.

पहिल्या दिवशीचे जवळजवळ सगळे फोटो फुकट गेले. कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लिहितो, ० ते २५५. सावरीचं फूल उन्हात आलं की लालचा आकडा २५५ला जाऊन थडकतो. पाकळीच्या शिरा, सुरकुत्या सगळं जातं, लाल डाग उरतो. उजेड कमी घ्यावा, तर फुलावर बसलेला कोतवाल कोळशाचा तुकडा दिसतो. पोटासाठी दिवसभर आकड्यांशीच खेळते, तरी हे कळायला एक सकाळ वाया गेली. उपाय साधा निघाला. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि कोवळं ऊन आहे तोवर काम उरकायचं. शिवाय पक्ष्यामागे कॅमेरा पळवायचा नाही. नुकतंच उमललेलं एक फूल निवडायचं, त्यावर फोकस धरायचा आणि गप्प बसायचं. शाळेत मला हे शेवटचं कधी जमलं नाही, बाईंना आठवत असेल.

पुढचा फोटो. साळुंकी. तिचं कपाळ बघा, परागांनी माखलंय. अख्खं डोकं वाटीत घातलं की पुंकेसर कपाळाला घासतात, आणि ती पूड घेऊन ही पुढच्या सावरीवर जाते. बाई, परपरागण शिकवताना तुम्ही फळ्यावर दोन फुलं काढून मध्ये बाण काढला होता. तो बाण मला आत्ता दिसला.

हा शिंजीर. अंगानं एवढासा, त्यामुळे पुंकेसरांना न शिवता कडेनं मकरंद पिऊन निसटू शकतो. माल घेतो, हमाली करत नाही. आपल्या वर्गातही असे दोघे होते. नावं घेत नाही.

या भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं. हिवाळ्याला मध्य आशियाकडून आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. परतीच्या आधी सावर, पळस, पांगारा ही त्यांची खानावळ. हा शेवटचा फोटो मोबाइलवर काढलाय, जमिनीवर पडलेलं फूल आणि त्यात मुंग्यांची पंगत.

आता ज्यासाठी खरं उभी आहे ते सांगते. आपल्या बॅचनं शाळेला खुला रंगमंच द्यायचं ठरवलंय. आराखड्यात तो टाकीमागच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे सावर पाडून. आराखडा ग्रुपवर आला तेव्हा मीही अंगठा टाकला होता. फाइल उघडली नव्हती.

झाड नको म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही. उन्हाळ्यात बोंडं फुटली की कापूस वर्गात उडतो, आणि फुलांचा चिखल रोज मावशींना झाडावा लागतो. पण त्या पाच सकाळी मी चौदा जातींचे पक्षी मोजले. कावळा, बुलबुल, हळद्या, चष्मेवाला, तांबट, पोपट... सगळी यादी वाचत नाही. रंगमंच पूर्वेच्या भिंतीकडे नेला तर तिथे उतार आहे, भराव घालावा लागेल, खर्च वाढेल. वाढीव खर्चातला निम्मा मी देते.

दोन्ही आराखडे जेवणाच्या टेबलाशेजारी लावलेत. ताट वाढून घ्यायच्या आधी बघा, आणि या वेळी मीही नीट बघणार आहे. सर, तुम्ही ही सावर लावताना पाहिली असेल तर तेही सांगा, म्हणजे तिचं वय तरी कळेल.