बढती मिळाली, पगाराचं काय?



आमच्या चाळीसगावात कुणाला बढती मिळाली की गल्लीत पेढे वाटतात. मध्यंतरी शेजारचा मुलगा असाच पेढे घेऊन आला. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तो ऑपरेटर होता, आता सुपरवायझर झाला. त्याच्या आजीनं लगेच विचारलं, "कितला वाढना रे पगार?" पोरगं गप्प झालं.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. पगार होता 24 हजार. कंपनीचा नियम असा की बढतीच्या वेळी 12 टक्क्यांहून जास्त वाढ द्यायची नाही. म्हणजे झाले 26 हजार 880. त्याच महिन्यात त्याच कामावर बाहेरून एक जण घेतला, तो 34 हजारांवर. आणि त्याला मशीन दाखवायचं काम कुणाकडे? आमच्या या मुलाकडेच!

फरक महिन्याला 7 हजार 120 रुपयांचा. तुम्ही म्हणाल, भरून निघेल हळूहळू. नाही निघत. दोघांना दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली, तर वर्षभरात हाच फरक 7 हजार 690 होतो. वाढ टक्क्यांत असली की दरी बुजत नाही, रुंदावत जाते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पगारावरच ठरतात, त्यामुळे फटका निवृत्तीपर्यंत पोहोचू शकतो.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या गणिताचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त त्रैराशिक आहे. त्रैराशिक मांडताना आधी ठरवावं लागतं, कशाच्या प्रमाणात काय. इथं नेमकी तीच चूक होते. काम नव्या पदाचं आणि टक्का मात्र जुन्या पगारावर!

आता आपल्या जंक्शनवरच्या रेल्वेचा हिशेब बघा. सातव्या वेतन आयोगाच्या 2016च्या तक्त्यात कनिष्ठ लिपिक दुसऱ्या स्तरावर, वरिष्ठ लिपिक पाचव्या. कनिष्ठाचं मूळ वेतन 22 हजार 400 असताना त्याला बढती मिळाली, तर आधी एक वेतनवाढ धरून 23 हजार 100 होतात. पण पाचव्या स्तराची सुरुवातच 29 हजार 200पासून. म्हणून त्याला तेवढे मिळतात. ही वाढ 30 टक्क्यांच्या वर जाते. कारखान्याची 12 टक्क्यांची फूटपट्टी लावली असती तर 25 हजार 88वर गाडी थांबली असती. सरकारी नियमातही वाढ कधी कधी फार थोडी पडते. पण तिथं नव्या पदाच्या किमान वेतनाखाली कुणाला ठेवत नाहीत. तिथं खाली जोतं बांधलंय, इथं वर छत.

कंपनीचीही बाजू आहे. वर्षाचं पगाराचं अंदाजपत्रक आधीच ठरलेलं असतं. एकाला जास्त दिलं की दहा जण दारात उभे राहतात. आणि घरचा माणूस जाणार कुठं, हाही हिशेब मनात असतोच. पण तो हिशेब नेहमी बरोबर ठरत नाही. मॅथ्यू बिडवेल या अभ्यासकानं अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेच्या नोंदी तपासून 2011मध्ये निष्कर्ष मांडला. बाहेरून आलेल्यांना सुमारे 18 टक्के जास्त पगार मिळाला, तरी पहिली दोन वर्षं त्यांचं काम आतून वर आलेल्यांपेक्षा कमी प्रतीचं ठरलं.

मग करायचं काय? बढतीचं पत्र हाती घेताना टक्के विचारू नका. या पदाचा पगार कितीपासून कितीपर्यंत आहे, ते विचारा. आत्ता जमत नसेल तर सहा महिन्यांनी उरलेली वाढ देऊ, एवढं लेखी मागा. आणि कारखानदारांनो, मर्यादा जरूर ठेवा, पण नव्या पदाच्या किमान पगाराच्या खाली ती कुणाला अडवणार नाही, एवढी एक ओळ नियमात घाला.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "काका, विचारायला भीती वाटते." मी म्हटलं, "अरे, मशीन बंद पडलं की साहेब तुलाच विचारतात ना? मग एकदा तूही त्यांना विचार."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)