फ्रेंच शिकवणारे कालेलकर सर आणि आपलं ‘करून राहिलो’

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘न विसरता येणारे शिक्षक’. मी कोणावर बोलणार ते फोनवर सांगितलं, तर पलीकडून प्रश्न आला, “हे कोन होते वो? आपल्याले काय शिकवत होते?” मी म्हटलं, फ्रेंच शिकवत. “अवो, आपल्या शाळेत फ्रेंच कवा होतं!” बरोबर आहे. आपल्या शाळेत फ्रेंच कधीच नव्हतं. मी त्यांना पाहिलेलंही नाही. ते १९८९ साली गेले, तेव्हा आपण तिसरी-चौथीत असू. तरी शिक्षक म्हणून आज मला त्यांच्याचबद्दल बोलायचं आहे. आपल्या सर-बाईंबद्दल बाकीचे वक्ते बोलणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतील.

नारायण गोविंद कालेलकर. काकासाहेब कालेलकर वेगळे, नाटककार मधुसूदन कालेलकर वेगळे. हे ना. गो. कालेलकर १९०९ साली जन्मले, कोकणातल्या बांबुळीचे. शिकायला पॅरिसला गेले. तिथे त्यांना गुरू मिळाले झ्यूल ब्लॉक. हे ब्लॉक म्हणजे मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये आख्खा ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. तो ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. मराठीच्या इतिहासावरचं पहिलं मोठं शास्त्रीय पुस्तक एका फ्रेंच माणसानं फ्रेंचमध्ये लिहावं, आणि ते मराठीत वाचायला आपल्याला वीसेक वर्षं थांबावं लागावं, अशी ही गोष्ट. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद १९४१ साली केला. तेही पुण्याचे संस्कृतचे अभ्यासक आणि फ्रेंच उत्तम जाणणारे.

तर कालेलकर परत आले आणि बडोद्याला फ्रेंचचे प्राध्यापक झाले. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे. नोकरीचा तपशील एवढाच, आणि त्यात नाट्य काही नाही. मला ओढ लावते ती दुसरीच गोष्ट. जन्मभर परक्या भाषेचा अभ्यास केलेल्या या माणसानं लिहिलं मात्र मराठीत, आणि मराठीबद्दल. ‘ध्वनिविचार’ १९५५ साली, ‘भाषा आणि संस्कृती’ १९६२ साली, ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ १९६४ साली. या तिसऱ्या पुस्तकाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा नाही, कादंबरी नाही, कविता नाही, भाषाशास्त्राचं पुस्तक! पुढे मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हा कालेलकर सहासष्ट वर्षांचे होते, म्हणजे आपल्याकडे लोक पेन्शन आणि नातवंडं यात रमतात त्या वयाचे. विश्वकोशाच्या खंडांत भाषांवरच्या कितीतरी नोंदींखाली ‘कालेलकर, ना. गो.’ असं नाव दिसतं. त्यांची निवृत्ती ती अशी गेली.

माझी त्यांची गाठ पडली ती कामाच्या निमित्तानं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. लिहिलेली मराठी संगणकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. मला वाटलं सोपं आहे. इंग्रजीचं स्पेलिंग वेडंवाकडं, फ्रेंचचं तर विचारूच नका, पण मराठी कशी, जशी लिहितो तशी बोलतो! लहानपणापासून आपण हे ऐकलंय आणि अभिमानानं दुसऱ्यांना सांगितलंय.

यंत्र पहिल्या दिवशी बोललं आणि ऐकणाऱ्यांची हसून पुरेवाट झाली. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च त्यानं एकसारखाच म्हटला. तुम्ही आत्ता मनात म्हणून बघा. आकडा चार, आणि बैलाचा चारा. जीभ वेगळ्या जागी लागते. जग म्हणजे दुनिया, आणि ‘शंभर वर्षं जग’ मधलं जग. अक्षरं तीच, ज वेगळा. ‘घर’ लिहिताना र पूर्ण, म्हणताना तो पायमोडका. ‘करवत’ मध्ये क-र-व-त चार अक्षरं पूर्ण लिहितो, पण बोलताना र आणि त दोघांचेही पाय मोडतात, आणि व शाबूत राहतो. का? ‘अंक’, ‘अंबा’, ‘संशय’, ‘सिंह’ यांवर टिंब एकच, पण आवाज सगळीकडे सारखा नाही. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नाही. आपण हे जन्मापासून बिनचूक करतो आणि करतो हे आपल्याला माहीतही नसतं. यंत्राला मात्र एकेक गोष्ट सांगावी लागते.

कोणीतरी ‘ध्वनिविचार’ची झेरॉक्स आणून दिली. पुस्तकाचा मुद्दाच हा की आवाज ही एक गोष्ट आणि तो लिहायची खूण ही दुसरी, भाषा म्हणजे बोलणं, लिपी नंतरची. वाचताना माझ्या लक्षात आलं की हे फ्रेंचच्या प्राध्यापकालाच का सुचावं. फ्रेंचमध्ये पाखराला जो शब्द आहे त्याची सहा अक्षरं, उच्चार ‘वाझो’. म्हणजे लिहिलेलं आणि बोललेलं यांचा घटस्फोटच. असली भाषा वर्षानुवर्षं मराठी, गुजराती मुलांना शिकवायची म्हणजे रोज त्यांना सांगायचं, पोरांनो, पानाकडे बघू नका, कान द्या. असा कान तयार झालेला माणूस घरी येऊन आपल्या भाषेकडे वळला की त्याला आपल्या च, ज मधली भानगड ऐकू येणारच.

आता आपल्या गावाकडे येते.

दहावीनंतर आपल्यातले बरेच जण नागपूर, पुणे, मुंबईला गेले. मी पुण्यात हॉस्टेलवर होते. पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीनं दारावर थाप मारली, मी आतून ओरडले, “थांब, मी जेवून राहिली!” बाहेरून हशा. “जेवून कुठे राहिलीस?” त्यांच्या कानाला ते असं लागतं की बाई जेवली आणि मग कुठेतरी मुक्कामाला राहिली. पुढची चार वर्षं ते वाक्य माझं टोपणनाव झालं. त्यात दुष्टपणा नव्हता, पण सहा महिन्यांत मी ‘जेवतेय’ म्हणायला शिकले आणि घरी फोनवर आईशीही तसंच बोलायला लागले. आई म्हणाली, “कोन बोलून राहिलं?” तुमच्यातल्या अनेकांचं असंच झालं असणार, माना हलताना दिसताहेत मला.

कालेलकर ज्या शास्त्राचे, त्या शास्त्रात प्रमाण भाषा ही अनेक बोलींतली एक बोली असते. इतिहासात तिला राजधानी, छापखाना, शाळाखाती लाभली, एवढंच. आमच्या इंजिनिअरांच्या नजरेनं बघायचं तर ‘करून राहिलो’ हे अव्वल दर्जाचं काम आहे. क्रिया आत्ता चालू आहे हे सांगणारी एक स्वतंत्र, स्वच्छ सोय. हिंदीच्या शेजारामुळे आली असेल, येऊ दे. खुद्द फ्रेंचमध्ये ‘मी करतो’ आणि ‘मी करतोय’ यांना क्रियापदाचं रूप एकच, फारच ठासून सांगायचं झालं तर एक लांबलचक शब्दसमूह जोडावा लागतो. पॅरिसकडे नाही ते रामटेककडे आहे!

फ्रान्सचं नाव मी गमतीनं घेत नाही. १७९४ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूनं तिथल्या सभेपुढे अहवाल ठेवला. देशातले किमान साठ लाख लोक फ्रेंच मुळीच जाणत नाहीत आणि शुद्ध बोलणारे तीस लाखांवर नाहीत, असं त्यात होतं. आणि उपाय काय सुचवला? गावोगावच्या बोली नाहीशा करा. पुढे ब्रिटनीसारख्या भागात शाळेत कोणी घरची भाषा बोललं की त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवत, लाकडी बूट किंवा असंच काही. दुसरा कोणी बोलताना पकडला गेला की ती त्याच्या गळ्यात. त्या बोलींची अवस्था आज काय आहे हे तिकडच्या म्हाताऱ्यांना विचारावं.

पण त्याच देशात दुसरं एक काम झालं. झिलिएरों नावाच्या अभ्यासकानं ठरवलं की फ्रान्सच्या बोलींचे नकाशे काढायचे, कुठे कोणता शब्द म्हणतात याचे. हिंडायला माणूस निवडला तो कान तीक्ष्ण असलेला एक किराणावाला. एडमों एडमों त्याचं नाव, नाव आणि आडनाव दोन्हींचा उच्चार एकच, लिहिताना मात्र एकाच्या शेवटी एक मुकं अक्षर, दुसऱ्याच्या शेवटी दुसरं. हा गृहस्थ १८९७ ते १९०१ या काळात ६३९ गावं फिरला आणि लोक जसे बोलले तसं टिपत गेला, काही न दुरुस्त करता. त्याचे नकाशे १९०२ पासून छापून निघू लागले. ब्लॉक शिकले ते या पॅरिसमध्ये. त्यांचे गुरू मेये, मेये यांचे गुरू सोस्यूर. आणि ब्लॉक यांच्या हाताखाली आपले कालेलकर. घराणं म्हणा ना गाण्यातलं. भाषेला जसा इतिहास तसा भूगोल असतो, हे पुस्तकाच्या नावातच घालणारा माणूस या घराण्यातला.

आपल्या भूगोलाची नोंद इंग्रजांनी घेतली होती. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात नागपुरी आहे, वऱ्हाडी आहे. अमरावती-अकोल्याकडे वऱ्हाडी, पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे झाडी, मधे आपण. आणि इतिहास म्हणाल तर तो आपल्याच बाजूचा आहे. मराठीतला पहिला गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’, म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली रचला, तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. महानुभाव परंपरा सांगते की चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून. आपल्या या गडाच्या यात्रेचं! त्या जुन्या गद्यात एकमेकांना हाक मारायला ‘गा’ आहे. आपण आजही बाजारात “काय गा” म्हणतो, आणि पुण्यात गेलो की लाजून सोडून देतो. आठशे वर्षांचा ऐवज हॉस्टेलच्या दारात टाकून द्यायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही.

मी दहावीचा पेपर नागपुरीत लिहा म्हणत नाही. प्रमाण मराठी यायलाच हवी, त्याशिवाय रामटेकचा माणूस सिंधुदुर्गाच्या माणसाशी लिहून कसा बोलणार. आणि आपली बोली म्हणजे फक्त स्टेजवर लोकांना हसवायची वस्तू, हेही मला पटत नाही. ‘मले’ म्हटलं की टाळी, असले विनोद आपणच थोडे कमी करावेत.

खरी काळजी वेगळी आहे. आता उलटं काम सुरू आहे, माणसानं बोलायचं आणि यंत्रानं समजायचं. बँक, पीक विमा, दवाखान्याची वेळ, हे सगळं फोनवर बोलून करायचे दिवस आले आहेत. ही यंत्रं शिकतात ती मिळेल त्या आवाजावर, म्हणजे बातम्या आणि पुस्तकांच्या वाचनावर. आमच्या एका चाचणीत आजीबाई म्हणाल्या, “मले भूक लागली.” पडद्यावर उमटलं, “मेले भूक लागली.” शाळेला शाया म्हटलं, यंत्र गप्प. आजीबाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि फोन नातवाच्या हातात दिला. गळ्यात बूट कोणी अडकवला नाही, पण बोलणं त्यांनी थांबवलंच.

यंत्राला शिकवता येतं. त्याला आवाज हवा, पुष्कळ आवाज, जसाच्या तसा. डेक्कन कॉलेजनं, म्हणजे कालेलकर जिथे शिकवायचे त्याच संस्थेनं, राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण गावोगाव ध्वनिमुद्रण करून केलं आहे. ते जरूर ऐका. पण एका तालुक्याला तेवढं पुरत नाही. इथे पानमळ्यात काम केलेली माणसं आहेत, त्यांच्याकडे वेलाच्या प्रत्येक अवस्थेला शब्द आहेत. खिंडसीत मासे धरणारी आहेत, गडाच्या पायऱ्यांवर दुकान लावणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यातले सगळे दहा वर्षांनी आपल्यात नसतील.

तर प्रत्येकानं आपल्या घरातल्या, ओळखीतल्या एका साठीच्या पुढच्या माणसाशी वीस मिनिटं बोला आणि मोबाइलवर मुद्रित करा. आधी त्यांची परवानगी घ्या, आवाज कशासाठी हवा ते नीट सांगा. सुरुवातीला नाव, गाव, वय आणि काम. मग त्यांच्या धंद्याबद्दल, लहानपणाबद्दल, स्वयंपाकाबद्दल काहीही. मुलाखत घेतल्यासारखं विचारू नका, आपण घरी बोलतो तसं बोला, मधे शब्द दुरुस्त करू नका. पंखा बंद ठेवा, तो आवाजात येतो. फाइली साठवायची आणि नीट लावायची जबाबदारी माझी. यादी नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे, जेवायला जाण्याआधी नाव लिहून जा.