वजनकाट्यापलीकडचे बाळ

(कळस येथील सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न असतो, "वजन किती?" अडीच किलोच्या खाली असेल तर चिंता, वर असेल तर पेढे. ही चिंता रास्तच आहे. परंतु काटा सगळेच सांगत नाही, हे आपल्याच पुणे जिल्ह्यातील बाळांनी जगाला दाखविले.

१९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बाळांचे दंड व पोटाचा घेर लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अंगाने किरकोळ, तरी चरबीने संपन्न!

२००२ साली पुणे व लंडन येथील नवजातांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक दोन्हीकडे जवळपास सारखे आढळले; इन्सुलिन तर पुण्याच्या हलक्या बाळांत अधिक होते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन जात नाही. त्या साखरेला बाळ स्वतःच्या इन्सुलिनने तोंड देते, आणि हेच इन्सुलिन गर्भाची वाढ व चरबीचा साठा घडविते. म्हणूनच आईची साखर अनियंत्रित राहिल्यास बाळ प्रमाणाबाहेर जड होऊ शकते. केवळ जड बाळ म्हणजे निरोगी बाळ नव्हे. पुढील आयुष्यातील मधुमेहाची पायाभरणी गर्भातच होऊ शकते.

मग करावे काय? त्याच खेड्यांत बाळाच्या वाढीशी संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे यांचा. तसेच बहुसंख्य मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांत फोलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती.

हा प्रश्न आपल्या समाजाच्या अगदी जवळचा आहे. आपल्या शाकाहारात ब-१२ मिळते ते प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतून. त्यात तिथीला व चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य करण्याचा नियम. व्रत श्रेष्ठच, पण गर्भवती सुनेचा नियम तिच्यावर सोपवून घरातील वडीलधाऱ्यांनी मोकळे होऊ नये. साधू-साध्वीजी व डॉक्टर दोघांच्या विचाराने तो ठरवावा. ब-१२ व साखरेची तपासणी वेळेवर करावी. औषध घ्यावे लागल्यास कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, म्हणून गोळीची विचारणा करावी.

कापडाचा तागा केवळ वजनावरून कोणी पारखत नाही. पोत पाहावा लागतो. बाळाचा पोत आईच्या ताटात विणला जातो. ते ताट भरलेले ठेवणे हे साऱ्या कुटुंबाचे कर्तव्य होय. जय जिनेंद्र.