पुनर्जन्म : पुरावा काय सांगतो?



अमक्या गावच्या पोराला मागचा जन्म आठवतो म्हणे, अशी बातमी फैजपुरात आली की आपण ऐकायला गर्दी करतो. ऐकावं, पण तपासावंही.

नागपूरचंच उदाहरण घ्या. १९७४ साली तिथल्या एक मराठी प्राध्यापिका एकाएकी बंगाली बोलू लागल्या. आपण शारदा, दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधल्या, असं त्या सांगत. अमेरिकेचे डॉ. इयान स्टीव्हनसन आणि आपल्याकडच्या डॉ. सतवंत पसरीचा यांनी तपास केला. तिनं सांगितलेल्या घराण्याची वंशावळ मिळाली, नावंही जुळली. पण वंशावळीत फक्त पुरुष, शारदा कुठेच नाही! शिवाय बाईंना बंगालची ओढ होतीच, थोडं बंगाली वाचायलाही त्या शिकल्या होत्या. नवल वाटतं खरं, पण नवल म्हणजे पुरावा नव्हे.

हे तपासायचं कशाला? कारण मागच्या जन्मीचं पाप म्हणूनच तुम्ही हीन, असं सांगून आपल्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवलं. तेव्हा पुरावा कोणी मागितला? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्मा नाकारला आणि ही शिकवणही नाकारली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच नागपुरात, आज माझा नवा जन्म होत आहे, अशी प्रतिज्ञा त्यांनी आपल्याला दिली. त्या जन्माला लाखो साक्षीदार होते. तोच जपू या.

नमो बुद्धाय! जयभीम!