कॅमेऱ्याचें घराणें बदलावें काय ?



छायाचित्रणाचा नाद असलेले दोघे एकत्र आले, कीं थोड्याच वेळांत कॅननचा पक्ष आणि निकॉनचा पक्ष उभा राहतो. अलीकडे त्यांत सोनीच्या तिसऱ्या पक्षाची भर पडली आहे. हा वाद केवळ हौशी मंडळींचा असता, तर त्यासाठीं मीं आपला वेळ घेतला नसता. परंतु आमच्या दापोली तालुक्यांत लग्नकार्यांचीं व पर्यटकांचीं छायाचित्रें काढून संसार चालविणारे तरुण आहेत, आणि त्यांना हा प्रश्न कर्ज काढून सोडवावा लागतो. आंजर्ल्याचा माझा एक जुना विद्यार्थी सध्यां याच विवंचनेंत आहे. दहा वर्षें वापरलेलें सर्व सामान विकून दुसऱ्या कंपनीकडे जावें, असें त्याच्या मनानें घेतलें आहे; तुटीचे तीन लाख रुपये हापूसच्या हंगामावर फेडावयाचे. "गुरुजी, घराणें बदलूं काय ?" असें त्यानें मला विचारलें.

घराणें हा शब्द त्याचाच, व तो मला समर्पक वाटला. गायनांतल्याप्रमाणें येथेंही मुळाशीं गेलें, तर नातीं निघतात. आज ज्यांच्या नांवानें लोक हातघाईवर येतात, त्या दोन जपानी कंपन्यांचा आरंभ एकमेकींच्या साह्यानें झाला. १९३६ सालीं हान्सा कॅनन हा कॅमेरा विक्रीस आला, त्यावर भिंग होतें तें निप्पॉन कोगाकु या कारखान्याचें. आणि हाच कारखाना पुढें निकॉन म्हणून प्रसिद्धीस आला!

हें घराणें ठरतें तें मात्र भिंग ज्या कड्यांत बसतें, त्या कड्यावरून. व्यापारांत त्यास माउंट म्हणतात. कॅमेऱ्याची बॉडी कांहीं वर्षांत जुनी होते; चांगलें भिंग सांभाळलें तर दोन पिढ्या चालतें. म्हणून खरी पुंजी भिंगांत असते. निकॉननें १९५९ सालीं काढलेलें कडें पुढें अनेक दशकें टिकविलें. कॅनननें १९८७ सालीं आपलें जुनें कडें टाकून नवें आणलें, आणि ज्यांच्या कपाटांत जुनीं भिंगें होतीं, त्यांना घराणें न सोडतांही घर सोडावें लागलें. २०१८ सालीं आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीं दोघांनींही पुन्हां नवीं कडीं काढलीं. तेव्हां एकनिष्ठतेनें खर्च टळतोच, असें समजण्याचें कारण नाहीं.

जुनें भिंग नव्या बॉडीवर बसवितां येतें, यांत भूमितीचा साधा नियम आहे. भिंगाच्या बैठकीपासून चित्र उमटणाऱ्या पडद्यापर्यंतचें अंतर निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत ४६.५ मिलिमीटर व कॅननच्या १९८७ नंतरच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत ४४ मिलिमीटर असे. नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत तें निकॉनमध्यें १६, सोनींत १८ आणि कॅननमध्यें २० झालें आहे. उरलेलें अंतर भरून काढणारें पोकळ कडें, म्हणजे अडॅप्टर, मध्यें घातलें कीं काम भागतें. परंतु भिंग बसलें, म्हणजे तें आपोआप नेम धरीलच, असें नव्हे. निकॉनचीं जीं जुनीं भिंगें बॉडींतल्या मोटरवर फिरत, तीं कंपनीनें प्रथम काढलेल्या अडॅप्टरवर हातानेंच फिरवावीं लागतात. दुसऱ्या कंपनीचें भिंग असेल, तर ही परीक्षा अधिकच काळजीपूर्वक करावी.

आणि हाताच्या संवयीचें काय ? निकॉन व कॅनन यांचीं भिंगें परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. घरीं बसून ही संवय पंधरवड्यांत मोडतां येईल; पण मंगलाष्टकें चालूं असतां बोटें जुन्याच दिशेस वळलीं, तर अक्षता पडण्याचा क्षण कांहीं पुन्हां येत नाहीं.

मीं त्या विद्यार्थ्यास त्याचें गाऱ्हाणें नीट मांडावयास सांगितलें. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचीं पिल्लें उजाडतां अगर सूर्यास्ताच्या सुमारास समुद्रांत सोडतात. तेथें फ्लॅश उडविण्यास मनाई असते, व ती योग्यच आहे. त्या अपुऱ्या उजेडांत त्याचीं चित्रें पुसट व दाणेदार येत. दोष कंपनीचा, असा त्याचा निकाल. मीं त्याचें लांब पल्ल्याचें भिंग पाहिलें. तें पुरतें उघडलें, तरी त्याचा आंकडा ५.६ च्या खालीं जात नव्हता. २.८ आंकड्याचें भिंग त्याच्या चौपट प्रकाश आंत घेतें, आणि तसें भिंग त्याच्याच घराण्यांत मिळतें. जुन्या बाजारांत तर तीन लाखांच्या पुष्कळ आंत. प्राण्याचा डोळा ओळखून नेम धरणारी नवी युक्ति त्याला भुरळ घालीत होती. ती उपयोगाची आहे यांत शंका नाहीं, परंतु ती आतां तिन्ही घराण्यांत आली आहे.

घराणें बदलण्यास मला पटलेलें एकच कारण त्यानें अगदीं शेवटीं, जातां जातां सांगितलें. ज्या सोबत्याबरोबर तो लग्नांचीं कामें घेतो, त्याचें सर्व सामान दुसऱ्या कंपनीचें आहे. एकाचें भिंग दुसऱ्यास, एकाची बॅटरी दुसऱ्यास चालली, तर दोघांचा खर्च वांटला जाईल, व ऐन कार्यांत एक यंत्र बंद पडलें तरी अडणार नाहीं. हा हिशेब ठोस आहे. तथापि सोबत टिकणार किती वर्षें, हें त्याचें त्यानें ठरवावें. तेथें गुरुजींचा उपयोग नाहीं.

यंत्र पारखावें कसें, याचा धडा दादासाहेब फाळक्यांनीं घालून दिला आहे. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यम्सन कॅमेरा घेऊन परतले, आणि लगेच हरिश्चंद्राच्या मागें न लागतां त्यांनीं आधीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. भांडवलदारास यंत्राची कीर्ति न सांगतां त्यांनीं ती फिल्म दाखविली. आज पुण्यामुंबईस कॅमेरे भाड्यानें मिळतात. दुसऱ्या घराण्याचा कॅमेरा तीन दिवस आणून कासवांच्या किनाऱ्यावर व एका लग्नांत, जुना शेजारीं ठेवून, चालवावा.

आणखी एक गोष्ट कोंकणांतल्या मंडळींसाठीं. आमच्या पावसाळ्यांत भिंगाच्या आंत बुरशी धरते, व जुन्या सामानाचा घेणारा प्रथम तेंच पाहतो. विक्रीचे आंकडे मांडण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत भिंगामागें बॅटरी धरून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले, तर अपेक्षित किंमत विसरावी. चामड्याच्या पेटींत भिंग ठेवूं नये. चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुरचुंडी घालावी, आणि निळे खडे गुलाबी झाले, कीं मंद आंचेवर तापवून ते पुन्हां निळे करून घ्यावे.